बाजूला बसणारे बाबूजी

अकरा जुलै, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. कमी पडलेली ब्लँकेटं ऐंशी. खोलीत हजर माणसं चार: चौकशी अधिकारी, खात्याची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी, मी आणि माझे बचाव सहाय्यक. चौकशी अधिकाऱ्यांनी फाइल उघडली, तेव्हा माझ्या सहाय्यकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, टेबलावर उपडं ठेवलं आणि डोळे मिटले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. भिंतीवरच्या घड्याळात मी मोजलं, चाळीस सेकंद. मग डोळे उघडून ते म्हणाले, "हं, करा साहेब सुरू. आता पाचही जण आले."

सादरकर्ता अधिकाऱ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"पाचवा कोण, बाबूजी?"

"कैवारी."

"हजेरीत लिहू का त्यांना?"

"लिवू नका. त्याची सही भेटनार नाई."

चौकशी अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी फाइलवरचा हात काढून घेतला आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. गेल्या सात महिन्यांत माझ्यासमोर सरकारी टेबलावर पाणी आलं ते तेव्हा पहिल्यांदा.

सरकारी नोकरीत नसलेल्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. माणसावर विभागीय चौकशी लागली की त्याला सहसा वकील मिळत नाही. मात्र नोकरीतला किंवा निवृत्त झालेला एखादा माणूस बाजूला बसवून घेता येतो. त्याला बचाव सहाय्यक म्हणतात. लोक हे काम टाळतात, कारण दुसऱ्याच्या चौकशीत बसलं की साहेबांच्या नजरेत आपणही येतो. यवतमाळात आमच्या कचेऱ्यांमधून मात्र कोणावर दोषारोपपत्र आलं की चहाच्या टपरीवर हमखास एकच पत्ता सांगितला जायचा. चर्चच्या मागची ओळ, निळं फाटक, बाबूजी. हेड क्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते. जन्म बोरी अरबचा, पुढची सगळी नोकरी यवतमाळात.

माझं प्रकरण असं. मी भांडारपाल. बावीस वर्षांत माझ्या भांडारात एक खिळा कमी भरला नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी मी झरी जामणीकडच्या एका निवासी शाळेला ब्लँकेटं पाठवली. दहा-दहाचे चौसष्ट गठ्ठे, एकूण सहाशे चाळीस. शाळेची पोच आली छप्पन्न गठ्ठ्यांची. ट्रकवाल्याने, दिलं तेवढं उतरवलं, म्हणून हात झटकले. खात्याने दोन माणसं पडताळणीला पाठवली, त्यांचाही आकडा छप्पन्नच आला. डिसेंबरात मी निलंबित झालो. शाळेच्या अधीक्षकांनी घाबरून त्या खोलीला कुलूप लावलं. चौकशी संपेपर्यंत मालाला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या हिवाळ्यात मुलांनी जुनीच ब्लँकेटं पांघरली. मी घरी बसून चौसष्टमधून छप्पन्न वजा करत होतो. रोज आठच येत होते.

बायकोने एकदा विचारलं, "खरंच काही नाही ना केलं तुम्ही?" तिने ते भाजी निवडता निवडता विचारलं, मान वर न करता. मी नाही म्हणालो आणि तिने पुढची मेथी घेतली. पण तिला विचारावं लागलं, हे मी विसरलो नाही. नातेवाइकांत माझ्या नावापुढे "ब्लँकेटवाले" लागलं होतं. चुलत मेहुण्याने लग्नात चारचौघांत विचारलं की यंदा थंडी कशी गेली. नोकरी गेली असती तर घर कसंही चाललं असतं. पण चोर म्हणून गेली असती, तर मुलीला सासरी काय ऐकावं लागलं असतं, हे मला दिसत होतं.

निळ्या फाटकाशी मी गेलो, तेव्हा बाबूजी ओट्यावर तूर निवडत बसले होते. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "जेवून राह्यले का नीट?"

मी म्हणालो, वजन नऊ किलो उतरलंय.

"मंग पयले जेवत जा. उपाशी मानूस चौकशीत चिडते."

मग त्यांनी सांगितलं की घडलेलं सगळं एका पानावर लिहून आणा, पान उलटावं लागलं की साहेब वाचत नाही. मी अकरा पानं लिहिली होती. त्यांनी तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा एक पान झालं.

त्यांची बसण्याची पद्धत तुम्ही पाहायला हवी होती. ते खुर्ची इतकी जवळ ओढत की दोघांच्या खुर्च्यांचे हात एकमेकांना लागत. माझ्या वतीने ते फार बोलत नसत. मी अडखळलो की माझ्या कोपराला त्यांचं कोपर लागे. "समोर उभा राह्यते तो वकील," ते म्हणत. "बाजूले बसते तो सहाय्यक. आपन सहाय्यक. कैवारी वेगळा हाय."

कैवारी हा त्यांच्या धर्मपुस्तकातला शब्द. मी त्याचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितलं: हाक मारली की बाजूला येऊन उभा राहणारा.

मी त्यांना सरळ सांगितलं की आमच्या घरात आजोबांच्या काळापासून देव्हारा नाही. सकाळी बुद्धवंदना होते, पण मदतीला कोणी वरून येईल असं आम्ही धरत नाही. तुमच्या प्रार्थनेत मी खोटं खोटं डोळे मिटणार नाही.

"कायले मिटता? उघडेच ठेवा," ते म्हणाले. "एकानं टेबलावरच्या कागदाकडे पाह्यलंच पायजे. मानायचं काम मी करतो तुमच्याकडून."

मी हिशेबी माणूस. मी त्यांच्या चौकश्यांची बेरीज विचारली. सतरा. त्यातल्या किती सुटल्या? बारा.

"म्हणजे पाच वेळा तुमचा कैवारी कुठे होता?"

"बाजूलेच होता. चौकशी अधिकारी नाई ना तो."

त्या पाचांतली पहिली त्यांची स्वतःची होती, हे त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका हरवलेल्या फाइलसाठी त्यांच्यावर चौकशी लागली. बाजूला बसायला कचेरीतलं कोणीही तयार झालं नाही. रिकाम्या खुर्चीशेजारी ते तीन तारखा एकटे बसले. दोन वेतनवाढी गेल्या. फाइल सहा वर्षांनी एका कपाटामागे सापडली, पण वेतनवाढी परत आल्या नाहीत. "हरलो," ते म्हणाले. "पन खुर्ची रिकामी होती असं मले एकाही तारखेले वाटलं नाई. आता सगळ्यायलेच तसं वाटन असं नाई. म्हनून मी जाऊन बसतो."

अकरा जुलैच्या सुनावणीत फारसं काही झालं नाही. माझं एक पान वाचलं गेलं. पोच आणि पडताळणीचा अहवाल दाखल झाले. शेवटी बाबूजींनी एवढंच विचारलं, "माल कुठी हाय, साहेब?" शाळेत, कुलपात, जसाच्या तसा, असं उत्तर मिळालं. "मंग एकडाव पाहून घेऊ." चौकशी अधिकाऱ्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

बाहेर चहा पिताना मी चिडलो होतो. पडताळणी आधीच झालीये, पुन्हा छप्पन्नच निघणार, मग माझं काय राहिलं? बाबूजींनी बशीत चहा ओतला.

"अधीक्षकाचा जबाब वाचला का तुम्ही?"

वाचला होता. छप्पन्न.

"त्यानं लिवलं, माल आठ ढिगात रचला. आठ ढीग. कमी किती? आठ गठ्ठे. चोर असा हिशोबानं दरेक ढिगातून एकेक गठ्ठा काढत नसते, भाऊ."

मी तो जबाब शंभर वेळा वाचला असेन. पण मी त्यातले आकडे वाचत होतो आणि ते वाक्यं वाचत होते. त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. मीही रागाने विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी खात्याच्या जीपने आम्ही चौघं झरीकडे निघालो. वाटेत बाबूजी झोपले. मी किलोमीटरचे दगड मोजत गेलो. शाळेत पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. आवारात चिंचेचं मोठं झाड होतं. जीपमधून उतरल्यावर बाबूजी शाळेच्या स्वयंपाकघरात गेले, तिथल्या बाईंशी दोन मिनिटं बोलले आणि रुमालात काहीतरी बांधून घेऊन आले.

ब्लँकेटांची खोली लांबट आणि अंधारी. दिवा नव्हता. शाळेत वरकाम करणारे कामाठी, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते पन्नाशीचे, बारीक, कायम हसणारे गृहस्थ होते. माल आला तेव्हा तो त्यांनीच मोजून रचला होता. पडताळणीच्या दिवशी काय झालं, तेही त्यांनीच सांगितलं: आलेल्यांपैकी एक जण व्हरांड्यात खुर्चीवर बसला, दुसरा त्याच्याशेजारी लिहायला. धुळीत कोण जाणार? आत कोणी मोजलं? मामांनीच. प्रत्येक ढीग संपला की ते आकडा ओरडायचे आणि बाहेर तो लिहिला जायचा.

बाबूजी त्यांना म्हणाले, "मामा, त्या दिवशी मोजलं होतं तसंच मोजा. मोठ्यानं. घाई करू नका."

मग त्यांनी दाराबाहेर खुर्चीवर बसलेल्या चौकशी अधिकाऱ्यांसमोर स्वयंपाकघरातली एक स्टीलची ताटली ठेवली आणि रुमाल सोडला. आत चिंचोके होते. "साहेब, तो एक गठ्ठा हलवन की मी एक चिंचोका टाकीन. तुम्ही फक्त ताटलीकडे पाहा."

मामांनी पहिला गठ्ठा उचलून भिंतीकडे टाकला.

"लाभ."

ताटलीत चिंचोका पडला.

"एक."

दुसरा पडला.

"दोन."

मी लहानपणापासून धान्य मोजताना हे ऐकलं आहे. तुम्हीही ऐकलं असेल. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण आमच्याकडे लाभानंतर दोन येतात. मामांच्या तोंडून लाभानंतर एक आला. मी दाराची चौकट धरली.

"सात. झाला ढीग, सात," मामांनी ओरडून सांगितलं.

चौकशी अधिकाऱ्यांनी ताटलीतले चिंचोके बोटाने एकेक सरकवले. आठ. दुसऱ्या ढिगालाही आठ. तिसऱ्यानंतर त्यांनी चपला काढल्या आणि स्वतः आत गेले. आठ ढीग झाल्यावर बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टवर दोन्ही खांद्यांना धूळ होती.

"चौसष्ट," ते म्हणाले.

सात महिन्यांत मी हा आकडा झोपेतही म्हणत होतो. दुसऱ्याच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला. मी आवारात जाऊन नळाखाली डोकं धरलं. पाणी गार होतं. मला वाटतं मी रडलो असेन, पण नळ चालू असल्याने नक्की सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा सगळे खुर्च्या घेऊन खोलीत बसले होते आणि सादरकर्ता अधिकारी मामांना विचारत होते, लाभ म्हणजे काय.

"पयला देवाचा राह्यते ना, साहेब. त्याले आकडा नाई देत. आमच्या खळ्यावर माया बापबी असाच मोजे."

"म्हणजे पहिला गठ्ठा तुम्ही धरतच नाही?"

"धरतो ना. ठेवतो बराबर ढिगात. मोजत नाई."

आमच्या तोंडांकडे पाहून त्यांना हळूहळू उमगलं. ते तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसले. हसणं गेलं. "मायाच मोजन्यानं या साहेबाची नोकरी गेलती काय?"

इथे माझ्याबद्दल लिहायला बरं वाटत नाही, पण घडलं ते लिहितो. मला त्यांची दया आली नाही. मी मोठ्या आवाजात म्हणालो की सात महिने माझं घर जळत होतं, आता यांच्यावर कारवाई व्हायलाच पाहिजे, माझ्यासमोर लिहा. सादरकर्ता अधिकारी म्हणाले, बरोबर आहे, निष्काळजीपणा तर आहेच. त्यांनी नवा कागद घेतला. मामा दोन्ही हात जोडून बसले होते, कोणाकडे जोडावेत हे त्यांना कळत नव्हतं.

बाबूजी उठले. त्यांनी माझ्या बाजूची आपली खुर्ची उचलली, खोली ओलांडली आणि मामांच्या गठ्ठ्याला टेकून ठेवली. तिच्यावर बसले. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मांडीवर उपडं ठेवलं.

"साहेब, याच्यावर काही लावत असान तं याचा सहाय्यक मीच. नाव लिवून घ्या."

मी म्हणालो, "बाबूजी, तुम्ही माझे सहाय्यक आहात."

"तुमचं झालं, भाऊ. तुमच्यापाशी आता मायं काम नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "यानं तं पयला देवाले देला अन् मोकळा झाला. आपनच तो मानसाच्या खात्यावर टाकला."

आणि त्यांनी डोळे मिटले. या वेळी मी सेकंद मोजले नाहीत. माझ्या शेजारी खुर्ची नव्हती, आणि उजवं कोपर उघडं पडल्यासारखं वाटत होतं. समोर एक माणूस बसला होता, ज्याला दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं की त्याच्यावर कधी काही लागू शकतं. डिसेंबरात मी असाच बसलो होतो. तेव्हा माझ्या शेजारी कोण होतं?

मी माझी खुर्ची उचलली आणि मामांच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.

चौकशी अधिकाऱ्यांनी आम्हा तिघांना एका ओळीत बसलेलं पाहिलं. ते म्हणाले, "आता यातला आरोपी कोण, ते तरी सांगा मला."

तेवढ्यात मामा म्हणाले, "च्या ठेवू का, साहेब?" आणि सगळे हसले, सादरकर्ता अधिकारीसुद्धा. त्यांनी तो नवा कागद घडी घालून खिशात ठेवला. तो परत बाहेर आला नाही.

अहवालात लिहिलं गेलं: मोजणीच्या पद्धतीतील फरकामुळे पोच कमी नोंदवली गेली, माल पूर्ण आहे, कोणाचाही दोष आढळत नाही. मला कामावर घेतलं. हिवाळ्याच्या आत सहाशे चाळीस ब्लँकेटं वाटली गेली, मी स्वतः जाऊन पाहिलं. वाटताना मामा मोजत होते आणि मी शेजारी बसून लिहीत होतो. दर ढिगाला ते माझ्याकडे पाहून थांबत आणि मी म्हणत असे, "लाभासकट किती, मामा?" त्या दिवशी बायकोने घरी पुरणपोळ्या केल्या आणि माझ्या पानात चौथी वाढली. तिने पुन्हा काही विचारलं नाही.

बाबूजींना काय द्यावं, हा प्रश्न राहिला. सहाय्यकाने मोबदला घ्यायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं. मी डाळीची पिशवी नेली, ती त्यांनी शेजारच्या विधवा बाईंकडे पोचवायला माझ्याच हाती दिली. नाताळात उलट त्यांच्याकडूनच आमच्या घरी करंज्या आल्या. चर्चला काही देऊ का विचारलं, तर म्हणाले, तुमच्या मनात असेल तेव्हा द्या, माझ्यापायी नको. माझ्यानंतर त्यांनी आणखी दोन चौकश्या केल्या. एकीत जिंकले, एकीत हरले. हरलेल्या माणसाला त्या दुपारी स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेले.

मागच्या उन्हाळ्यात ते यवतमाळ सोडून नागपूरला मुलीकडे राहायला गेले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे चालत नव्हते. निळ्या फाटकाला आता दुसऱ्यांचं कुलूप आहे. अजून दर महिन्याला एखादा माणूस फाइल घेऊन तिथे येतो आणि शेजारचे त्याला माझ्याकडे पाठवतात. मला त्यांच्यासारखं येत नाही. मी डोळे मिटत नाही. पण खुर्ची जवळ ओढतो, हातांना हात लागेपर्यंत.

ते निघाले त्या दिवशी बसस्टँडवर मी सामान चढवायला गेलो होतो. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि दोन पिशव्या. हमालाने सगळं बसमध्ये नीट लावलं. बाबूजी खिडकीशी बसले. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती, पण त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली नाही, मांडीवर घेतली.

खिडकीतून त्यांनी विचारलं, "किती नग झाले, भाऊ?"

मी म्हणालो, "तीन."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. कंडक्टरने घंटी मारली. बस वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता.

हमाल मात्र माझ्या शेजारीच उभा होता आणि त्याला हे पटलं नव्हतं. "तीन कायचे, साहेब? चार होते. मी सोता चढवले."

त्याचं बरोबर होतं. नगाला वीस, असं ठरलं होतं. चार नगांचे ऐंशी रुपये मी त्याच्या हातावर ठेवले. बाबूजींपायी मला देता आली ती रक्कम एवढीच, आणि तीही हमालाला.